कुरेची सपाट जमीन कोणाची?

जपानच्या हिरोशिमा प्रांतात, सेतो अंतर्समुद्राच्या काठी वसलेल्या कुरे शहरात ऱ्योजो नावाची एक वस्ती आहे. तिथल्या टेकडीवर जाणारा उभा जिना ‘दोनशे पायऱ्या’ याच नावाने ओळखला जातो. जिन्याच्या दोन्ही अंगांना घरे आहेत, एकाच्या छपराला दुसऱ्याचे जोते लागल्यासारखी, आणि घरांखाली उतार धरून ठेवणाऱ्या भिंती आहेत. मोटार या वाटेला येऊ शकत नाही. किराणा, जड सामान, आजारी माणूस, जे काही वर न्यायचे किंवा खाली आणायचे ते माणसांच्या हातांनीच. अशा वस्त्या कुरेत एक-दोन नाहीत. शहराला तिन्ही बाजूंनी वेढणाऱ्या डोंगरांच्या उतारांवर घरे वरवर चढत गेलेली दिसतात. लोकांनी हौसेने डोंगर चढले असे नाही. खाली समुद्रालगत सपाट जमीन होती, पण तिचा मोक्याचा भाग आरमाराकडे गेला होता.

कुरेविषयी आज जो सार्वजनिक वाद उभा आहे, तो या जिन्यावर उभे राहून पाहिल्याखेरीज नीट समजणार नाही असे मला वाटते. शहराच्या किनाऱ्यावर सुमारे १३० हेक्टर सपाट जमीन मोकळी झाली आहे. तिथला पोलाद कारखाना २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कायमचा बंद झाला आणि मार्च २०२४ मध्ये जपानच्या संरक्षण मंत्रालयाने ही संपूर्ण जागा विकत घेऊन तिथे ‘बहुउद्देशीय संरक्षण केंद्र’ उभारण्याचा प्रस्ताव मांडला. संरक्षण साहित्याचे उत्पादन, साठवण, दळणवळण आणि बंदराची सोय, असे सगळे एकाच ठिकाणी. प्रस्तावाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की कुरे हे मूळचेच आरमारी गाव, तेव्हा त्याचा इतिहासच त्याला तिकडे नेतो आहे. हा युक्तिवाद मला मान्य नाही. कुरेचा इतिहास नीट वाचला तर तो नेमके उलट सांगतो, आणि तो उलट कसा आहे हे दाखवण्यासाठीच हा लेख आहे.

सुरुवातीपासून पाहू. १८८६ मध्ये मेइजी सरकारने आरमाराच्या दुसऱ्या मुख्य ठाण्यासाठी कुरेची निवड केली आणि १८८९ च्या जुलैत ते सुरू झाले. निवडीचे कारण नकाशावर बोट ठेवून सांगता येते. पाठीशी हाइगामिनेसारखा ७३७ मीटर उंचीचा डोंगर, समोर एताजिमा आणि कुराहाशी ही बेटे, आत यायला ओन्दोसारख्या चिंचोळ्या खाड्या. शत्रूच्या जहाजाला हे बंदर बाहेरून दिसणार नाही, आणि आतल्या खोल, शांत पाण्यात मोठमोठी जहाजे नांगरून ठेवता येतील. जे गुण आरमाराला हवे होते, तेच माणसांच्या वस्तीला अडचणीचे होते. डोंगर आणि समुद्र यांच्यामधली पट्टी आधीच अरुंद. तिच्यात शेते होती, कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची घरे होती. ठाण्यासाठी जमीन घेताना ती माणसे उठवली गेली. गावाचे कामेयामा देवस्थान ज्या टेकडीवर होते ती टेकडीही आरमाराला हवी होती, म्हणून देवालाही जागा बदलावी लागली. आपल्याकडे ज्यांना प्रकल्पग्रस्त म्हणतात तसे हे लोक होते, फक्त तो शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हते.

शहर म्हणून कुरेची स्थापना झाली १९०२ मध्ये, म्हणजे आरमारी ठाण्यानंतर तेरा वर्षांनी. हा क्रम महत्त्वाचा आहे. साधारणपणे गाव वाढते, बंदर वाढते आणि मग सरकार तिथे आरमार आणून ठेवते. इथे आधी ठाणे आले आणि त्याच्या भोवती, त्याने सोडलेल्या जागेत, गाव जमले. १९०३ मध्ये जहाजबांधणी आणि तोफा-शस्त्रांचे दोन विभाग एकत्र करून कुरे नौदल कारखाना अस्तित्वात आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हिरोशिमाकडून रेल्वे येऊन पोचली. हा कारखाना पोलाद स्वतः ओतत होता, चिलखती पत्रे स्वतः लाटत होता, तोफा स्वतः घडवत होता आणि जहाजेही स्वतः बांधत होता. १९०५ मध्ये बांधायला घेतलेली ‘त्सुकुबा’ ही मोठी चिलखती क्रूझर दोन वर्षांत पुरी झाली. तोवर एवढ्या मोठ्या नौका जपान ब्रिटनसारख्या देशांकडून विकत घेत होता. ‘नागातो’ ही युद्धनौका इथलीच आणि ‘आकागी’ ही विमानवाहू नौकाही इथलीच.

पाण्याची गोष्ट जमिनीसारखीच आहे. आरमाराने आपल्या गरजेसाठी १९१८ मध्ये होन्जो येथे मोठे धरण पुरे केले. त्याच वर्षी कुरेच्या नागरिकांना नळाचे पाणी मिळू लागले, पण ते होते आरमाराच्या गरजा भागून उरलेले पाणी. सपाट जमीन आरमाराची, पाणी आधी आरमाराचे, आणि शहराला त्यातले उरलेले, असा हा संसार होता. तो चालू होता तोवर शहरात पैसा खेळत होता, ट्रामगाड्या धावत होत्या, दुकाने भरलेली होती, हेही खरे आहे आणि ते लपवायचे कारण नाही. पण १९१२ मध्ये याच कारखान्यातल्या कामगारांनी मोठा संप केला होता, आणि १९२२ चा वॉशिंग्टन करार झाल्यावर मोठ्या युद्धनौकांची बांधणी थांबली तेव्हा हजारोंचे काम गेले होते. करार झाला वॉशिंग्टनमध्ये, सह्या केल्या मुत्सद्द्यांनी, आणि चुली विझल्या कुरेच्या डोंगरउतारावर. एकाच गिऱ्हाइकावर जगणाऱ्या गावाची ही पहिली परीक्षा होती.

मग यामातो ही युद्धनौका. ४ नोव्हेंबर १९३७ रोजी तिचे काम सुरू झाले, ८ ऑगस्ट १९४० रोजी ती पाण्यावर तरंगली आणि १६ डिसेंबर १९४१ रोजी आरमारात दाखल झाली. लांबी २६३ मीटर, पूर्ण भरल्यावर वजन ७० हजार टनांच्या वर, तोफांच्या नळ्यांचा व्यास ४६ सेंटिमीटर. जगात तिच्याहून मोठी युद्धनौका आधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही. तिच्या बांधणीत कामाच्या तासांचा, सुट्या भागांच्या आगाऊ तयारीचा जो काटेकोर हिशेब ठेवला गेला, त्याचे महत्त्व मी नाकारत नाही. पण तिच्याविषयीची एक गोष्ट मला तिच्या वजनापेक्षा जास्त बोलकी वाटते. ती बांधली जात असताना गोदीवर छप्पर घातले गेले, आणि गाडी किनाऱ्यावरून जाताना समुद्राकडच्या खिडक्यांच्या झडपा प्रवाशांना बंद ठेवाव्या लागत. गोदीत पाणी सोडून ती तरंगवली गेली तेव्हा शहराने ना बँड ऐकला ना गर्दी केली. ज्या गावाच्या हातांनी ती घडवली त्या गावाला ती पाहण्याची मुभा नव्हती. आपल्याच समुद्राकडे बघायला बंदी असलेले शहर, हे चित्र मी विसरू शकत नाही, आणि ‘कुरेचा वैभवकाळ’ असा शब्द कोणी वापरला की तेच डोळ्यांसमोर येते.

७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाकडे निघालेली यामातो क्यूशूच्या दक्षिणेला बुडाली. तिच्यावर ३३०० च्या वर माणसे होती. वाचली ती तीनशेही नव्हती. त्याआधीच, १९ मार्चला, अमेरिकी विमानांनी कुरेच्या बंदरावर पहिला मोठा हल्ला केला होता. मग मे महिन्यात हिरो येथील नौदलाचा विमान कारखाना, २२ जूनला नौदल कारखाना आणि १ जुलैच्या रात्री खुद्द शहर. त्या रात्री आगलावे बॉम्ब पडले आणि सुमारे २००० माणसे मेली. त्यांतली अनेक जण डोंगरात खोदलेल्या आश्रयबोगद्यांत धुराने गुदमरून गेली. जुलैच्या शेवटी ‘हारुना’, ‘इसे’, ‘ह्यूगा’ या नौका उपसागरातच गाळात बसल्या. शत्रूला बंदर दिसणार नाही हे १८८६ चे गणित विमानांच्या काळात कामाचे राहिले नव्हते, आणि ज्या डोंगरांनी बंदराला झाकले होते त्याच डोंगरांनी माणसांच्या पळण्याच्या वाटा अडवल्या.

इतिहास सांगताना बरेच जण इथे थांबतात आणि एकदम शांततेच्या काळात उडी घेतात. त्यांच्याकडून एक तारीख सुटते, १७ सप्टेंबर १९४५. शरणागतीला जेमतेम महिना झाला होता. त्या रात्री माकुराझाकी नावाने ओळखले जाणारे वादळ आले आणि कुरेच्या उतारांवरच्या दरडी कोसळल्या. एकट्या कुरे शहरात ११५४ माणसे मेली. एका मोठ्या हवाई हल्ल्यात जेवढी माणसे मरतात त्या हिशेबातला हा आकडा आहे, आणि तो युद्ध संपल्यानंतरचा आहे. डोंगरांवरची झाडे युद्धकाळात तोडली गेली होती, हवामानाचा इशारा पोचवणारी यंत्रणा मोडून पडली होती, ही कारणे खरीच. पण मूळ कारण हेच की माणसे जिथे राहायला नको होती तिथे राहत होती, कारण जिथे राहायला हवे होते ती जमीन त्यांची नव्हती. २०१८ च्या जुलैतल्या अतिवृष्टीतही कुरेत दरडी कोसळल्या, वीसहून अधिक माणसे गेली, रस्ते आणि रेल्वे बंद पडून शहर काही काळ बाहेरच्या जगापासून तुटले. १८८९ मध्ये जमिनीची जी वाटणी झाली तिची किंमत अजूनही चुकती होते आहे.

युद्धानंतरच्या कुरेशी मराठी माणसाचा एक दुवा आहे आणि तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नसतो. पश्चिम जपानात जी ब्रिटिश राष्ट्रकुलाची ताबा फौज आली तिचा मुख्य तळ आणि बंदर कुरे होते. ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे आणि ब्रिटिश सैनिकांबरोबर त्यात हिंदी सैनिकही होते. पुढे भारताचे लष्करप्रमुख झालेले थिमय्या तेव्हा ब्रिगेडियर होते. त्यांच्या २६८ व्या हिंदी ब्रिगेडमध्ये पंजाब आणि गुरखा पलटणींच्या जोडीला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. नामदेव जाधव यांना इटलीत सेनिओ नदीवरच्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच पलटणीत असताना. १९४७ मध्ये हिंदी फौज परतली. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांतून आलेल्या त्या शिपायांना दरड म्हणजे काय हे कोणी शिकवायची गरज नव्हती.

आता ज्या घटनेवर माझा सारा युक्तिवाद उभा आहे तिच्याकडे येतो. युद्धाच्या काळात कुरेची लोकसंख्या ४ लाखांवर गेली होती. युद्ध संपल्यावर ती दीड लाखाच्या आसपास आली. कारखाना नाही, आरमार नाही, गिऱ्हाईक नाही. योकोसुका, सासेबो आणि माइझुरू या बाकीच्या तीन आरमारी बंदरांची हीच अवस्था होती. या चार शहरांनी मिळून एक खास कायदा मागितला. जपानच्या नव्या राज्यघटनेच्या ९५ व्या कलमानुसार एखाद्या ठरावीक शहरापुरता कायदा करायचा असेल तर संसदेची मंजुरी पुरत नाही, त्या शहरातल्या लोकांचे सार्वमत घ्यावे लागते. १९५० च्या एप्रिलमध्ये संसदेने कायदा संमत केला आणि ४ जून १९५० रोजी चारही शहरांत मतदान होऊन लोकांनी त्याला मोठ्या बहुमताने होकार दिला. कायद्याचे नाव ‘जुन्या आरमारी बंदर-शहरांच्या परिवर्तनाचा कायदा’ आणि त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलेला हेतू असा, की या शहरांचे रूपांतर शांततेच्या उद्योगांवर जगणाऱ्या बंदर-शहरांत व्हावे आणि त्यातून शांततावादी जपानच्या उभारणीला हातभार लागावा.

हे घोषवाक्य नव्हते. या कायद्याच्या आधारे जुन्या लष्करी मालमत्ता शहरांना सवलतीत किंवा विनामूल्य मिळू शकल्या. पूर्वी ज्या पाण्याचा फक्त उरलेला भाग शहराला मिळत असे, ते होन्जोचे पाणी शहराचे झाले. जमिनीवर उद्योग आले. साठ वर्षांपूर्वी ज्यांच्या आजोबांना विचारले गेले नव्हते, त्यांच्या नातवंडांना पहिल्यांदा विचारले गेले, ‘ही जमीन कशासाठी हवी?’ आणि त्यांनी उत्तर दिले. हा कायदा आजही रद्द झालेला नाही.

मतदानानंतर एकवीस दिवसांनी, २५ जूनला, कोरियात युद्ध पेटले. कायदा प्रसिद्ध झाला २८ जूनला, म्हणजे युद्ध सुरू झाल्यानंतर तीन दिवसांनी. १९५४ मध्ये सागरी स्वसंरक्षण दल स्थापन झाले आणि कुरेत पुन्हा नौदलाचे ठाणे आले. त्यामुळे असे म्हणणारे भेटतात की शांततेचा तो कायदा जन्मतःच निकामी ठरला. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. ठाणे आले, पाणबुड्या आल्या, तरी पूर्वीच्या नौदल कारखान्याचा मोठा भाग नागरी उद्योगाकडेच राहिला, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे कुरेने जे करून दाखवले ते त्या भागातच केले.

या काळाची हकीकत जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ‘यामातो बांधणाऱ्या हातांनीच युद्धोत्तर जपान उभा केला’ हे वाक्य आता इतक्या वेळा ऐकू येते की त्याची तपासणी कोणी करत नाही. १९५१ मध्ये डॅनियल लुडविग या अमेरिकी जहाजमालकाच्या नॅशनल बल्क कॅरियर्स या कंपनीने नौदलाच्या गोदीचा भाग दहा वर्षांच्या भाड्याने घेतला. या कंपनीने युद्धकाळातल्या अमेरिकी कारखान्यांतली वेल्डिंगची आणि ठोकळेबांधणीची पद्धत आणली. म्हणजे जहाज तळापासून एकेक पत्रा जोडत वर न नेता त्याचे मोठमोठे भाग जमिनीवर, छपराखाली, सोयीच्या बाजूने वळवून जोडायचे आणि मग क्रेनने उचलून गोदीत एकमेकांना बसवायचे. नळ, तारा, यंत्रे हेही शक्य तितके आधीच त्या ठोकळ्यात घालून ठेवायचे. रिव्हेट ठोकण्याची जागा मोठ्या प्रमाणावर वेल्डिंगने घेतली. शिंतो हिसाशी हे जपानी अभियंते इथे या पद्धतीचे प्रमुख होते, आणि ती त्यांनी इतरांना मोकळेपणी दाखवली. पुढे ते इशिकावाजिमा-हारिमा या कंपनीचे अध्यक्ष झाले. १९५६ मध्ये जपानने जहाजबांधणीत ब्रिटनला मागे टाकले. १९५८ च्या डिसेंबरमध्ये कुरेच्या गोदीतून ‘युनिव्हर्स अपोलो’ हे तेलवाहू जहाज पाण्यात उतरले. एक लाख टनांहून अधिक माल वाहणारे हे जगातले पहिले जहाज. १९७१ मध्ये ‘निस्सेकी मारू’ आणि १९७३ मध्ये ४ लाख ८३ हजार टनांचे ‘ग्लोबटिक टोकियो’. या शेवटच्या जहाजाचे मालक रवी टिक्कू हे भारतीय वंशाचे होते, हे जाता जाता सांगतो.

जुन्या कारागिरांचे कसब यात होतेच. पण एकट्या कसबाने हे घडले नाही. गोदी परदेशी गिऱ्हाइकाला खुली झाली, पद्धत लपवून न ठेवता शिकवली गेली आणि बांधलेल्या वस्तूला जगभर मागणी होती. ज्या गोदीवर एकेकाळी छप्पर घालून आत काय चालले आहे ते झाकले होते, तीच गोदी उघडी झाल्यावर कुरेची भरभराट झाली. यामातोच्या वारशाचा एवढा गौरव करणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा असे मला मनापासून वाटते. आज ‘इतिहास दिसणारी टेकडी’ नावाच्या जागेवर उभे राहिले की खाली ते जुने छप्पर दिसते. त्याखालची गोदी बुजवलेली आहे, आणि शेजारच्या गोदीत मालवाहू जहाजांचे रंगवलेले ठोकळे क्रेनला लटकत असतात. मला त्या देखाव्यात दोन वेगळ्या काळांची सरळ रांग दिसत नाही. एक वाट सोडून दुसरी धरलेली दिसते.

हे चित्र मी फार गोड रंगवत नाही ना, असे वाचक विचारू शकेल. विचारायलाच हवे. १९७३ च्या तेलसंकटानंतर महाकाय टँकरांची मागणी कोसळली आणि कुरेच्या गोदीला पुन्हा तडाखा बसला. पोलाद कारखान्याचेही तेच. पुढे निश्शिन नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने १९५१ मध्ये नौदल कारखान्याच्या जागेवर काम सुरू केले, १९६२ मध्ये झोतभट्टी पेटवली, आणि २०२० च्या फेब्रुवारीत तिची मालक झालेल्या निप्पॉन स्टीलने तो कारखाना बंद करण्याचे जाहीर केले तेव्हा शहराला त्या निर्णयात काही स्थान नव्हते. २०२१ मध्ये भट्ट्या विझल्या. कंत्राटी कामगार धरून सुमारे ३००० लोकांच्या पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा नागरी उद्योग म्हणजे सुख आणि लष्कर म्हणजे दुःख असा भाबडा हिशेब मी मांडत नाही. कंपनीचे मुख्यालय टोकियोत, मंत्रालयही टोकियोत. कुरेचा खरा आजार हा, की त्याच्या सपाट जमिनीचे काय करायचे हे नेहमी दुसरीकडे ठरते. १९५० हा त्याला मोठा अपवाद होता, म्हणूनच तो मला एवढा मोलाचा वाटतो.

आता संरक्षण मंत्रालयाच्या प्रस्तावाच्या बाजूचे मुद्दे. पहिला मुद्दा सुरक्षेचा. जपानच्या शेजारी चीनचे वाढते आरमार आहे, उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रे आहेत, आणि २०२२ च्या अखेरीस जपानने पाच वर्षांत ४३ लाख कोटी येन संरक्षणावर खर्च करण्याचे ठरवले आहे. हा धोका काल्पनिक आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण कुरेने आपला वाटा उचललेला नाही असे कोण म्हणेल? पाणबुड्यांचा तळ इथे आहे. ‘कागा’ ही नौका एफ-३५ बी विमाने उतरवता येतील अशी बदलण्याचे काम इथल्याच गोदीत झाले. २०२५ च्या मार्चमध्ये तिन्ही दलांच्या सागरी वाहतुकीचा नवा गट इथेच स्थापन झाला. हिरो भागात अमेरिकी लष्कराचे दारूगोळा कोठार कितीतरी दशके आहे. ज्या शहराने इतके दिले त्याच्याकडे उरलेली सगळ्यात मोठी सपाट जागाही मागायची, तर ती का हवी आणि तिच्यात नेमके काय ठेवणार हे तपशिलाने सांगण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर आहे. स्फोटक वस्तू ठेवायच्या असतील तर हा प्रश्न आणखी गंभीर होतो, कारण या जागेच्या मागे डोंगरउतारावर म्हाताऱ्या माणसांची घरे आहेत आणि तिथून बाहेर पडायच्या वाटा म्हणजे पायऱ्या. १९४५ च्या जुलैत काय झाले ते त्या उताराला माहीत आहे.

दुसरा मुद्दा रोजगाराचा, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. शहराची लोकसंख्या आता २ लाखांच्या आसपास आली आहे, तीसुद्धा शेजारची गावे आणि बेटे शहरात सामील करून घेतल्यावरची. तरुण बाहेर जातात. अशा वेळी सरकार एकरकमी जमीन घेते आहे, बांधकाम होणार आहे, माणसे येणार आहेत, तर ‘नको’ म्हणणे सोपे नाही. दुकान चालवणाऱ्याने ‘हो’ म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही. तरी दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतील. सरकारी जमिनीवर शहराला स्थावर मालमत्ता कर लावता येत नाही. त्याऐवजी केंद्राकडून अनुदान येते, आणि अनुदान हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. दुसरे, शस्त्रास्त्रांचे उत्पादन म्हणजे पुन्हा एकच गिऱ्हाईक. आज अर्थसंकल्प वाढतो आहे. उद्या एखादा करार झाला, सरकार बदलले, शस्त्रांचा प्रकार बदलला, की १९२२ ची पुनरावृत्ती होईल. जगाला जहाजे विकणारी गोदी एका बाजारात मंदी आली तर दुसऱ्याकडे वळू शकते. एकाच खरेदीदारासाठी, एकाच नियमावलीखाली, बंद दाराआड माल करणाऱ्या कारखान्याला ती मोकळीक नसते.

तिसरा मुद्दा ओळखीचा. यामातोच्या नावाचे संग्रहालय २००५ मध्ये उघडले आणि तिथल्या एक दशांश आकाराच्या, २६.३ मीटर लांबीच्या प्रतिकृतीने देशभरातून माणसे खेचली. २०१६ मध्ये चारही जुन्या आरमारी शहरांना मिळून ‘जपानी वारसा’ हा सरकारी दर्जा मिळाला. पर्यटनातून आलेला पैसा शहराला हवाच आहे आणि ती प्रतिकृती पाहून कोणालाही अचंबा वाटेल. पण संग्रहालयात जपलेली गोष्ट आणि पुढच्या पन्नास वर्षांचा आराखडा या दोन वेगळ्या बाबी आहेत. कुरेची ओळख जहाजांची आहे, हे मान्य. ती युद्धाच्याच जहाजांची आहे, हे ‘युनिव्हर्स अपोलो’ बांधणाऱ्या शहराविषयी म्हणता येणार नाही.

मग करायचे काय? त्या १३० हेक्टरांवर कोणता कारखाना यावा हे इतक्या लांबून सांगण्याचा आव मी आणणार नाही. काही गोष्टी मात्र स्पष्ट दिसतात. ही जमीन एका तुकड्यात, एका मालकाच्या हाती जाऊ नये. तिथे समुद्राला लागून खोल पाण्याचा धक्का आहे आणि असा धक्का एकदा कुंपणाआड गेला की सहसा परत मिळत नाही. तो नागरी वाहतुकीसाठी राखला जावा. जागेचा एक हिस्सा उतारावरून खाली येऊ इच्छिणाऱ्यांच्या घरांसाठी ठेवावा. यावर कोणी म्हणेल की लोकसंख्या निम्म्यावर आली, उतारावरची घरे ओस पडताहेत, मग सपाट जमीन हवी कोणाला? पण जी घरे ओस पडली नाहीत त्यांत राहणारी माणसे वयस्कर आहेत, आणि शेजारची रिकामी घरे, पडक्या भिंती, तुंबलेली गटारे यांमुळे त्यांचा उतार पूर्वीपेक्षा जास्त धोक्याचा झाला आहे. २०१८ नंतर हा प्रश्न विचारण्याची गरज उरू नये.

आणि निर्णय लोकांच्या मताने व्हावा. संरक्षण हा राष्ट्रीय विषय आहे, एका शहराचे सार्वमत त्यात कसे चालेल, हा आक्षेप मला ठाऊक आहे. देशाचे संरक्षण धोरण ठरवण्याचा अधिकार कुरेला नाही, हे बरोबर. पण ‘शांततेच्या उद्योगांचे बंदर-शहर’ हा दर्जा कुरेला देशाच्या संसदेने आणि कुरेच्या मतदारांनी मिळून दिला आहे, आणि दोघांपैकी एकानेच तो बाजूला सारणे कायद्याच्या आशयाला धरून नाही. मंत्रालयाला ही जागा घ्यायची असेल तर त्याने आपला संपूर्ण आराखडा, कुठे काय साठवणार, किती माणसांना काम देणार, धक्का कोण वापरणार, हे सगळे शहरापुढे ठेवावे आणि मतपेट्या फक्त ऱ्योजोच्या पायथ्याशी न ठेवता वरच्या वस्त्यांतही न्याव्यात, म्हणजे दोनशे पायऱ्या उतरू न शकणाऱ्यांनाही आपले मत देता येईल.